सैन्य उतरवणारं जहाज निवडायला किती वर्षं लागतात?

नगरच्या पत्रकाराने आरमारावर कशाला लिहायचं, असं काही जण म्हणतीलच. तर आधी तेवढं सांगून टाकतो. आपल्याकडे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, व्हीआरडीई आहे. के. के. रेंजसाठी राहुरी, पारनेर, नगर तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या डोक्यावर भूसंपादनाची टांगती तलवार वर्षानुवर्षं आहे. म्हणजे रणगाड्यासाठी आपण काय मोजलंय हे दिल्लीने आपल्याला सांगायला नको. पण इथे तयार झालेला रणगाडेवाला उद्या अंदमान-निकोबारला लागला, तर त्याला रणगाड्यासकट नेणार कशातून?

मुख्य भूमीपासून पोर्ट ब्लेअर साधारण १२०० किलोमीटर. रणगाडा काही इंडिगोने जात नाही.

आज आपल्याकडे या कामाचं खरं मोठं जहाज एकच. आयएनएस जलाश्व. अमेरिकेचं ‘ट्रेंटन’ हे १९७१ साली त्यांच्या नौदलात दाखल झालेलं जहाज, वापरून झाल्यावर २००७ मध्ये आपण घेतलं. २००४ च्या त्सुनामीत असं जहाज नसल्याचं दुखणं कळलं होतं, म्हणून घेतलं. कॅगने २००८ मध्ये त्यावर ताशेरे ओढले. खरेदी घाईत झाली, जहाजाची अवस्था नीट तपासली नाही, शिवाय आक्रमक मोहिमेसाठी वापरण्यावर अमेरिकेच्या अटी. एवढं असूनही जलाश्वने काम केलं, हे मान्य करायलाच हवं. मे २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये मालदीवहून ६९८ भारतीयांना याच म्हाताऱ्या जहाजाने कोचीला आणलं. पण आता त्याने पन्नाशी ओलांडली. एसटी महामंडळसुद्धा एवढी जुनी गाडी रस्त्यावर ठेवत नाही.

आता चीनकडे बघा. जलाश्व ज्या वर्षी आपल्याकडे आलं, त्याच २००७ मध्ये चीनने त्यांचं या जातीचं पहिलं जहाज, ‘खुनलुन शान’, नौदलात घेतलं. स्वतः बांधलेलं. म्हणजे दोघेही एका रेषेवर उभे होते. त्यानंतर त्यांनी तशी आठ केली. मग त्याहून मोठी, पूर्ण सपाट डेकवाली, हेलिकॉप्टरं उडवणारी जहाजं २०२१ पासून आणायला लागले. आपण? आपण निविदा काढली.

ती कहाणी नीट ऐका. २०१३ च्या अखेरीस चार जहाजांसाठी तीन खासगी गोद्यांना निविदा गेली: एबीजी, पिपावाव आणि एल अँड टी. यातल्या दोघांची पुढे काय गत झाली? एबीजी २०१७ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात, आणि २०२२ मध्ये सीबीआयने २२,८४२ कोटींच्या बँक फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. पिपावाव अनिल अंबानींकडे गेली, रिलायन्स नेव्हल झाली आणि तीही २०२० मध्ये दिवाळखोरीत. मैदानात उरली एकटी एल अँड टी. एकच बोलीदार म्हटल्यावर कुठल्या बाबूची सही करायची छाती आहे? मुदतवाढ, परत मुदतवाढ, आणि २०२० मध्ये निविदा रद्द. २०२१ मध्ये पुन्हा पहिल्यापासून, कंपन्यांकडून माहिती मागवणारं पत्र. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेची मंजुरी. टीव्हीवर लगेच ‘चीनला धडकी’. अहो, मंजुरी म्हणजे गरज मान्य केली एवढंच. अजून निविदा, चाचपणी, भाव, करार, आणि मग पहिला पत्रा कापला जाणार.

त्याच २०१३ च्या डिसेंबरात तुर्कस्तानने स्पेनच्या नवांतिया कंपनीचं डिझाइन निवडलं. एल अँड टीसुद्धा आपल्याकडे नवांतियालाच घेऊन उतरली होती! तुर्कस्तानचं जहाज त्यांच्याच गोदीत बांधून २०२३ मध्ये नौदलात आलं. इंडोनेशिया तर अशी जहाजं स्वतः बांधून फिलिपिन्सला विकून मोकळा झाला. आपल्याला जमत नाही असंही नाही. ४५ हजार टनांची विक्रांत कोचीत बांधली की. हात आहेत, पोलाद आहे. सही नाही.

आता मुद्दा निवडीचा, कारण इथेही घोळ घालायची पूर्ण तयारी दिसते. शार्दूल, केसरी, ऐरावत ही आपली जहाजं थेट किनाऱ्याला नाक लावतात, तोंड उघडतात आणि रणगाडे बाहेर काढतात. किनारा चांगला असेल तर ठीक. डिसेंबर १९७१ मध्ये कॉक्स बाजारला याच पद्धतीने गुरखा पलटण उतरवायला गेलो. किनाऱ्याआधी वाळूचा उंचवटा, त्याच्या पुढे खोल पाणी. जवान बुडाले. शत्रूच्या गोळीने नाही, किनारा न ओळखल्याने. जलाश्वची जात वेगळी. ती दूर उभी राहते, टाक्यांत पाणी भरून मागची बाजू खाली घेते, पोटातल्या हौदात समुद्र शिरतो आणि आतल्या बोटी तरंगत बाहेर पडतात. जहाज खोल पाण्यात, बोटी किनाऱ्याकडे.

काही निवृत्त साहेब आणि यूट्यूबवरचे तज्ज्ञ म्हणतात, घ्यायचं तर सपाट डेकवालंच घ्या, चीनसारखं. दिसायला भारीच. पण त्या डेकवर उडवायला हेलिकॉप्टरं कुठायत? जलाश्वबरोबर सहा सी-किंग घेतली होती, तीही जुनीच, आणि ती निवृत्त झाली. मोकळ्या डेकसाठी जास्त पैसे कशाला? मला विचाराल तर साधी, हौदवाली चार जहाजं, चारही एकाच आराखड्याची. आणखी पाच वर्षं चर्चा करून मिळणाऱ्या एका देखण्या जहाजापेक्षा ती बरी.

दुसरे म्हणतात, ड्रोनच्या जमान्यात ही जहाजं म्हणजे तरंगत्या शवपेट्या. युक्रेनने रशियाची अशी जहाजं बुडवली हे खरं. ‘सराटोव’ बंदरात धक्क्याला बांधलेलं असताना गेलं, ‘सीझर कुनिकोव’ २०२४ मध्ये सागरी ड्रोनने. पण ती दोन्ही किनाऱ्याला नाक लावणारी होती. किनाऱ्यापासून लांब राहणारं जहाज हवं, असंच त्यातून निघतं. शिवाय आपल्याला कुणाचा देश जिंकायचा नाही. आपलीच बेटं राखायची आहेत, भूकंप-वादळात पोचायचंय.

आणि एक गोष्ट, जी नगरकर म्हणून जास्त टोचते. जहाज निवडताना त्याच्या पोटातली बोट कोण निवडतंय? टी-९० साधारण ४६ टनांचा, अर्जुनचा नवा अवतार ६८ टनांचा, नवा झोरावर २५ टनांचा. आपल्या व्हीआरडीईने टाटांबरोबर केलेली आठचाकी गाडी तर पाण्यातही चालते, मोरोक्कोने घेतलीय. यातलं काय न्यायचं ते आधी ठरवा, मग बोट, मग हौद, मग जहाज. आपल्याकडे भूदल एक कागद लिहितं, नौदल दुसरा, आणि दोन्ही कागद एकमेकांना भेटतात थेट गोदीत.

सप्टेंबर २०२५ मध्ये माझगाव डॉकने या जहाजांसाठी स्वान डिफेन्सशी करार केला. स्वान म्हणजे कोण? दिवाळखोरीतून ती जुनी पिपावाव गोदी घेणारी कंपनी. वाईट नाही, तिथला ड्राय डॉक देशात सगळ्यात मोठा आहे. पण या वेळी डॉकची लांबी मोजण्याआधी ताळेबंद मोजा. आणि सगळ्यात स्वस्त बोलीलाच काम देण्याच्या नादात पुन्हा एखादी एबीजी गळ्यात बांधू नका.

नगरची निजामशाही आठवा. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने चौलला पोर्तुगीजांना महिनोन्‌महिने वेढा घातला. फौज मोठी, तोफा मोठ्या. पण समुद्र मोकळा राहिला, गोव्याहून गलबतांतून माणसं आणि दारूगोळा येत राहिला. शेवटी तह करून परत यावं लागलं. जगातली भलीमोठी तोफ ओतणारं हे गाव गलबतापाशी अडलं.

खासदार निलेश लंके आणि भाऊसाहेब वाकचौरे, दोघांनाही हे जाहीरपणे विचारतोय. संसदेत एक लेखी प्रश्न टाका. निविदा कोणत्या तारखेला निघणार, बोट कोणत्या रणगाड्याच्या वजनाला धरून मागवणार, आणि जलाश्व निवृत्त झाल्यावर पहिलं नवं जहाज येईपर्यंत मधल्या काळात काय वापरणार? उत्तर आलं की जसंच्या तसं इथेच टाकतो.