स्वस्त गाडी कुणाच्या खर्चाने?

शनिवारी सकाळी आठला, आंघोळबिंघोळ उरकून, मी नगर रस्त्यावर वाघोलीच्या पुढे पत्रे ठोकून बंद केलेल्या एका मैदानात उभा होतो. ट्रेक नव्हता, कुणाचं लग्नही नव्हतं. मित्राला सेकंडहँड गाडी घ्यायची होती, आणि त्याला कुणीतरी सांगितलं होतं की हप्ते थकलेल्या लोकांच्या गाड्या बँका उचलून आणतात आणि लिलावात मातीमोल भावाने विकतात. "चल रे, तू इंजिनियर आहेस ना," म्हणाला. आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. बॉनेट उघडायचा खटका कुठे असतो हेसुद्धा मला शोधावं लागतं. पण शनिवार मोकळा होता आणि या प्रकाराबद्दल माझं एक स्वतःचं कुतूहल होतं. ते पुढे सांगतो.

मैदानात शे-दीडशे गाड्या धुळीत उभ्या. काचेवर मार्करने लिहिलेले नंबर. एकीच्या डॅशबोर्डवर गणपती तसाच होता, दुसरीच्या मागच्या काचेवर 'आई-बाबांचा आशीर्वाद'.

पद्धत साधारण अशी असते. बोली हल्ली बहुतेक ऑनलाइनच. त्याआधी दोन-चार दिवस यार्डात जाऊन गाडी बघता येते. बॅटरी जिवंत असेल तर इंजिन सुरू करून दाखवतात, पण चालवून बघता येत नाही. बोली लावायची तर आधी अनामत रक्कम भरायची. विक्री 'जशी आहे, जिथे आहे' या तत्त्वावर. म्हणजे घरी नेल्यावर गिअरबॉक्स रडायला लागला तर तो तुमचा गिअरबॉक्स आणि तुमचंच रडणं. सगळ्यात मोठी बोली तुमची असली तरी बँकेने मंजुरी दिल्याशिवाय गाडी तुमची नाही. मंजुरी मिळाल्यावर मुदतीत पैसे भरले नाहीत तर अनामत गेली.

एवढं वाचून कुणीही म्हणेल, नको रे बाबा. पण इथे एक गंमत आहे. जॉर्ज अकेरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल विभागून मिळालं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी कशी आहे ते विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. त्यामुळे घेणारा सगळ्यांनाच कमी भाव देतो. मग चांगली गाडी असलेला विकतच नाही, आणि बाजारात डबडी उरतात.

पण हप्ते थकले म्हणून उचलून आणलेली गाडी मालकाने विकायला काढलेली नसते! ती खराब आहे म्हणून तिथे आलेली नाही, खिसा रिकामा झाला म्हणून आली आहे. दोष गाडीत नाही, पासबुकात आहे. विम्याच्या अपघातग्रस्त किंवा पुरात बुडालेल्या गाड्यांच्या लिलावाचं असं नसतं. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईत बुडालेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना पाणी प्यायलेली वायरिंग म्हणजे काय ते सांगायला नको. तेव्हा नियम पहिला: लिलाव बँकेचा आहे की विमा कंपनीच्या भंगाराचा, ते आधी विचारा.

अर्थात मालकाचा खिसा एका रात्रीत रिकामा होत नाही. हप्ता भरता येत नाही तो माणूस सर्व्हिसिंग कुठून करणार? शेवटचं वर्ष-सहा महिने ऑइल बदललेलं नसतं, टायर गुळगुळीत झालेले असतात, विमा संपलेला असतो. त्यात गाडी यार्डात उन्हापावसात महिनोन् महिने उभी. उंदरांनी वायरी कुरतडल्या, ब्रेकच्या डिस्क गंजल्या, बॅटरी मेली. म्हणून ओळखीचा मेकॅनिक सोबत हवाच. आमच्या काकांनी नुसतं ऑइलची दांडी ओढून, कार्पेटखाली हात घालून आणि टायर बघून वीसातल्या चौदा गाड्या बाद केल्या. मी शेजारी उभा राहून मान डोलावत होतो.

उरलेल्यातल्या एका हॅचबॅकचं गणित आम्ही चहाच्या टपरीवर मांडलं. तशीच, त्याच वर्षाची गाडी बाहेर ४ लाख २० हजारांना मिळते. त्यातून टायर २० हजार, बॅटरी ५, सर्व्हिसिंग, ब्रेक आणि एसी मिळून २०, विमा १२, आरटीओ आणि एजंट ८, लिलाववाल्यांची फी १०, टोइंग ३. आणि 'काय निघेल देव जाणे' या सदराखाली ४० हजार. एकूण १ लाख १८ हजार. म्हणजे बोली ३ लाख २ हजारांच्या वर जाता कामा नये. हा आकडा कागदावर लिहून ठेवायचा आणि बोलीच्या वेळी तो कागद बायकोच्या हातात द्यायचा. लिलाव जिंकतो तो बहुतेक वेळा गाडीची किंमत सगळ्यात जास्त चुकीची धरणारा माणूस असतो, हे विसरायचं नाही.

आता माझं कुतूहल. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची नोकरी गेली. चार हप्ते थकले आणि एका सकाळी सोसायटीच्या गेटमधून त्याची गाडी गेली. त्याला वाटलं, वाईट झालं, पण निदान कर्ज तरी सुटलं. तुम्हालाही असंच वाटत असेल तर दुरुस्त करून घ्या. गाडी गेली म्हणून कर्ज जात नाही. लिलावात आलेले पैसे कर्जातून वजा होतात आणि बाकी राहिली तर ती तुमच्याच डोक्यावर. (उलट जास्त आले तर वरचे पैसे तुमचे, तेही मागून घ्यायचे असतात.) त्याची थकबाकी होती ५ लाख ४० हजार. लिलावात गाडी गेली ३ लाख ३० हजारांना. उचलण्याचा आणि यार्डाचा खर्च १५ हजार, तोही त्याच्याच खात्यावर. उरलेले सव्वादोन लाख भरा अशी नोटीस आली. आणि महिन्याभरात तीच गाडी, तोच नंबर, एका वेबसाइटवर डीलरने ४ लाख ६० हजारांना लावलेली. त्यानेच मला लिंक पाठवली. सोबत एक शब्दही नव्हता.

त्या दिवसापासून मला लिलावाच्या 'स्वस्त' या शब्दाचे दोन तुकडे दिसतात. एक तुकडा जोखमीचा. चालवून बघता येत नाही, वॉरंटी नाही, कागदपत्रांची पायपीट आहे, त्याची सूट घेणाऱ्याला मिळायलाच हवी. दुसरा तुकडा अंधाराचा. लिलावाची बातमी ठरावीक दहा डीलरांपलीकडे जात नाही, फोटो धूसर, बघायला वेळ अपुरा. या अंधारामुळे जो भाव पडतो तो बँकेच्या खिशातून जात नाही. आधी हप्ते थकवणाऱ्याच्या खिशातून जातो.

म्हणून "दुसऱ्याच्या अडचणीचा फायदा कशाला घ्यायचा" म्हणून लिलावापासून दूर राहणारे सज्जन मला पटत नाहीत. तुम्ही दूर राहिलात म्हणून त्या माणसाला गाडी परत मिळत नाही. फक्त बोली लावणारा एक जण कमी होतो. माझ्या मते आपल्यासारख्या साध्या ग्राहकांनी तिथे जायला हवं, हिशोब करून आणि डोळे उघडे ठेवून.

गाडी मिळालीच तर तिचं नाव लगेच बदलून घ्या. मूळ आरसी बहुतेक वेळा जुन्या मालकाकडेच अडकलेली असते. मग बँक फॉर्म ३६ भरून आधी स्वतःच्या नावावर आरसी काढते आणि मग ती तुमच्या नावावर होते. कंटाळवाणं आहे, पण तोवर तुम्ही तोडलेल्या सिग्नलचं चलन त्या बिचाऱ्याच्या मोबाइलवर जातं. चलनाचं सोडा, अपघात झाला तर भरपाईची जबाबदारीही आरसीवर नाव असलेल्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका निकालात सांगितलंय.

आणि हप्ते थकायला लागले असतील तर? लाजून फोन बंद ठेवू नका. बँकेला लेखी कळवा आणि त्यांच्या संमतीने गाडी स्वतः विकायचा प्रयत्न करा. भाव जवळजवळ नेहमीच लिलावापेक्षा बरा येतो. करारही काढून वाचा. बिगरबँक वित्त कंपन्यांच्या करारात गाडी ताब्यात घेण्याआधीची नोटीस आणि विकण्याआधी पैसे भरायची शेवटची संधी यांची कलमं असलीच पाहिजेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दांडगाई करून गाडी ओढून नेणं तर २००७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने चुकीचं ठरवलंय.

असो. मित्राच्या गाडीचं काय झालं? मंगळवारी रात्री आम्ही त्याच्या घरी लॅपटॉपसमोर बसलो. आम्ही यायच्या आधी बोली २ लाख ५५ हजारांवर अडली होती. तिथून समोरचा कुणीतरी आणि आम्ही, हजार-दोन हजारांनी चढत गेलो. ३ लाख २ हजारांवर वहिनींनी कागद दाखवला आणि लॅपटॉप बंद केला. दुसऱ्या दिवशी कळलं, गाडी ३ लाख ४ हजारांना गेली. मित्र अजून हळहळतोय, शनिवार फुकट गेला म्हणून.

मी मात्र मनात वजाबाकी केली. आमच्यामुळे बोली ४९ हजारांनी वर गेली. कुठल्यातरी माणसाच्या नोटिशीतून तेवढे कमी झाले असतील, आणि का ते त्याला कधीच कळणार नाही. पुढच्या शनिवारी दुसरं यार्ड आहे, चाकणच्या बाजूला. जाणार आहोत.