कागदी संघाची हर्रासी

अमरावतीच्या जितेश शर्माला २०२२ साली पंजाबने २० लाखांत उचलले. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाच्या लिलावात बंगळूरने त्याच्यासाठी ११ कोटी मोजले. आमच्या वाशीमच्या बाजार समितीत सोयाबीनला असा भाव चढला असता, तर दिवाळीला लोकांनी फराळाऐवजी सोनेच वाटले असते!

पण पारख तीच. मूठभर दाणे तळहातावर घेऊन, एक दाताखाली चावून ओलावा सांगणारा व्यापारी आणि कोवळ्या पोरात उद्याचा फलंदाज पाहणारा संघमालक, दोघे एकाच कुळीचे.

हे ध्यानात आले ते आमच्या घरातल्या कागदी संघांमुळे. चिरंजीव, दोघे पुतणे आणि शेजारचे बँकेतले एक गृहस्थ दर वर्षी खेळाडूंची हर्रासी मांडतात. प्रत्येकाची थैली १२० कोटींची. जेद्दात खऱ्या मालकांनाही तेवढीच मुभा होती. मग त्या खेळाडूंनी खऱ्या सामन्यांत केलेल्या धावा, घेतलेले बळी, ज्याच्या त्याच्या वहीत गुण म्हणून जमा. खेळ मूळचा अमेरिकेतल्या बेसबॉलचा. डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रमंडळींनी तो १९८० साली मांडला, आणि न्यूयॉर्कच्या ज्या खानावळीत ही मंडळी जमत, तिचेच 'रोटिसरी' हे नाव त्याला चिकटले.

थोरला पुतणा नावांवर जातो. ऋषभ पंतवर २७ कोटी, आणखी दोन-तीन बडी नावे, की थैली खडखडीत! धाकटा मात्र रणजीचे धावफलक चाळत बसतो. २०२४-२५ मध्ये विदर्भाच्या हर्ष दुबेने एका रणजी हंगामात ६९ बळींचा विक्रम केला. धाकट्याने त्याला कवडीमोलाने धरून ठेवले. मे २०२५ मध्ये हैदराबादने दुबेला बदली म्हणून घेतले, तेव्हा आमच्या घरात कोण तोरा!

मला धाकट्याचेच पटते. विदर्भाने तरी दुसरे काय केले? चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, वसीम जाफर, गणेश सतीश अशी बाहेरची मोजकी पिकली माणसे, बाकी बहुतेक घरची पोरे, आणि कर्णधार फैज फजल. २०१७-१८ मध्ये पहिला रणजी करंडक आला, पुढच्याच हंगामात दुसरा, २०२४-२५ मध्ये तिसरा.

गेल्या खेपेला बँकवाले म्हणाले, "गुणामागे दहा रुपये लावू या. रंगत येईल."

थोरला एकदम गप्प झाला. पुण्यात शिकताना मोबाईलवरच्या अशाच एका खेळात खानावळीचे पैसे घालवून तो दोन महिने एकवेळ जेवला होता. आम्हांला कळले ते त्याचे गाल बसल्यावर. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तो उशिराच आला, असे आमच्या घरी सर्वांचे मत.

उत्तर सौ.नेच दिले. "भाऊजी, चकली हवी तर आणखी घ्या. पैसा या वहीत यायचा नाही."

थोरल्याने खाली मान घालूनच वही ओढली आणि धाकट्याला विचारले, "रणजीचे ते तुझे कागद कुठे आहेत रे?"