कर्णनाद, कॉइल आणि अर्धा पुरावा

चुंबकीय स्पंदांनी कानातला नाद थांबवण्याच्या जाहिराती देशातील मोठ्या शहरांत दिसू लागल्या आहेत. भौतिकी खरी आहे: कॉइलमधील बदलत्या चुंबकीय क्षेत्राने मेंदूत विद्युत्प्रवाह निर्माण होतो, हे फॅरेडेचेच तत्त्व. पण प्रवाह निर्माण झाला म्हणजे नाद शमला असे होत नाही.

अमेरिकेतील ६४ रुग्णांच्या चाचणीत (२०१५) खऱ्या कॉइलने ५६ टक्क्यांना आराम पडला. नुसत्या टकटकणाऱ्या नकली कॉइलनेही २२ टक्क्यांना पडला! पुढे २०१७ मध्ये जर्मनीतील १५३ रुग्णांत खऱ्या-नकलीत फरकच आढळला नाही. जाहिरातीत ही दुसरी चाचणी का नसते?

ध्वनी-उपचाराबाबत दावा तरी माफक असतो. पंख्याच्या घरघरीत नाद झाकला जातो, झोप लागते. त्याला रोगमुक्ती म्हणू नये, इतकेच. बहुसंख्य रुग्णांची श्रवणशक्ती मुळात घटलेली असते. त्यांची श्रवणचाचणी आधी व्हावी, गरज असल्यास श्रवणयंत्र मिळावे, मग वर्तनोपचार. हे सोडून थेट कॉइलकडे नेणे ही रुग्णाच्या हतबलतेवरची कमाई आहे.

कॉइलचा उपचार अजून प्रयोगच असेल, तर आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रयोगाचा खर्च सहभागी रुग्णावर टाकता येत नाही. आणि तो सिद्ध उपचार असेल, तर विक्रेत्यांनी नकली कॉइलशी केलेली तुलना आकड्यांसह मांडावी.