टीव्हीला संगणक जोडायचा म्हटले की हात का आखडतो?



लासुर्ण्याला बारामती-इंदापूर रस्ता सोडून कालव्याच्या अंगाला आत वळले की उसाच्या मधोमध एक वस्ती लागते. खोडव्याचे पाचट कुजवण्याचे काम पाहायला मी फेब्रुवारीत तिथे गेलो होतो. पाचट राहिले बाजूला, घरात वेगळाच वाद पेटला होता. उसाचे बिल नुकतेच जमा झालेले. जुना टीव्ही दिवाळीपासून बंद. पुण्याला शिकणारा थोरला चिरंजीव सुट्टीला आलेला. तो वडिलांना म्हणत होता, "तात्या, नुसता मोठा टीव्ही आणण्यापेक्षा त्याला एक छोटा संगणक जोडू. सिनेमा होईल, ताईचा अभ्यास होईल, सातबारा घरच्या घरी निघेल."

तात्यांनी तंबाखू मळता मळता उत्तर दिले, "आरं, विहिरीवरची मोटार जळली तर मला रात्रीतनं माणूस मिळतो. ह्ये जळलं तर कुणाला हाक मारू? तुला पुण्याला?"

पोराला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर मलाही लगेच सुचले नाही. "भाऊसाहेब, तुम्हीच सांगा," असे दोघेही म्हणाले आणि चहा संपेपर्यंत मी गप्प राहिलो. म्हणून हा विषय आज तुमच्यापुढे मांडतो आहे. असा वाद बऱ्याच घरांत होतो आणि बहुतेक वेळा म्हातारे अडाणी किंवा पोरे उधळी असा निकाल लावून मोडतो. माझ्या मते हे दोन्ही निकाल चुकीचे आहेत.

आधी वस्तू कोणती ते समजून घेऊ. डब्याएवढा लहान संगणक टीव्हीशेजारी ठेवायचा, एका केबलने टीव्हीला जोडायचा आणि खाटेवर बसून बिनतारी कळफलकावर चालवायचा. पडदा टीव्हीचा, डोके संगणकाचे. सिनेमा, कीर्तन, लग्नाचे जुने चित्रण, शाळेचे व्हिडिओ, सरकारी अर्ज असे सगळे एकाच ठिकाणी होते. ऐकायला छान वाटते. पण ही वस्तू घ्यायला फक्त आपणच कचरतो असे समजू नका. मायक्रोसॉफ्टने २००२ साली खास टीव्हीसमोर बसून वापरण्यासाठी विंडोजची एक आवृत्ती काढली होती. मीडिया सेंटर असे तिचे नाव. २०१५ साली विंडोज १० आले, त्यातून ती सोय काढूनच टाकली. अमेरिकेतल्या सुखवस्तू घरांनीही ती वस्तू फारशी जवळ केली नाही. तेव्हा तात्या एकटे नाहीत.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. कृषी महाविद्यालयात आम्हांला विस्तार शिक्षण हा विषय होता. त्यात अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या मक्याची हकिकत शिकवत. संकरित मक्याचे बियाणे तिथे १९२८ च्या सुमारास आले. उत्पन्न जास्त, ताटे वाऱ्याने लोळत नाहीत, तरीही शेतकऱ्यांनी ते घ्यायला वर्षानुवर्षे लावली. रायन आणि ग्रॉस या दोन अभ्यासकांनी २५९ शेतकऱ्यांना विचारून १९४३ साली त्याचा अहवाल लिहिला. शेवटी दोघे सोडून बाकी सगळ्यांनी ते बियाणे घेतले. पण सुरुवातीला बहुतेकांनी ते कोपऱ्यातल्या थोड्या रानात पेरून पाहिले, एकदम सगळे रान त्याखाली घातले नाही. आपल्याकडे ठिबकचेही तसेच झाले. आधी शेजाऱ्याच्या बांधावर उभे राहून दोन हंगाम बघायचे, मग आपल्या अर्ध्या एकरात घालायचे.

मंडळी, टीव्हीच्या संगणकाची खरी अडचण इथे आहे. तो गुंठाभर पेरून बघता येत नाही. घ्यायचा तर सगळाच घ्यावा लागतो. आणि बांधावरून बघावा म्हटले तर शेजारच्या घरी तो असावा तरी लागतो. टीव्हीचे तसे नव्हते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. त्यानंतर कितीतरी वर्षे गावात एखाददुसरा संच असे, पण तो साऱ्या गावाने पाहिलेला असे. १९८७ मध्ये रामायण मालिका लागली तेव्हा रविवारी सकाळी एकेका घरात पन्नास-पन्नास माणसे बसत. वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून काळा-पांढरा संच चालवत. टीव्ही घेताना कुणाला समजावून सांगावे लागले नाही, कारण त्याचे सुख आणि दुखणे दोन्ही आधीच डोळ्यांखालून गेलेले होते.

तात्यांच्या बोलण्यातला दुसरा धागा दुरुस्तीचा. त्यासाठी वारणेचे उदाहरण घेण्यासारखे आहे. १९९८ साली वारणानगरच्या परिसरात ७० गावांना संगणकाने जोडण्याचा सरकारी प्रकल्प सुरू झाला. गावोगाव केंद्रे उघडली. शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीची माहिती, सारे जग तिथे मिळेल अशी कल्पना होती. पण मुख्य उपयोग झाला तो उसाच्या नोंदीचा, वजनाच्या पावत्यांचा आणि खताच्या हिशेबाचा. पुढे २००७ च्या सुमारास बंगळूरच्या संशोधकांनी त्यांतल्या सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या संदेशावर तेच काम करून पाहिले आणि ते स्वस्तात झाले. संगणक वाईट होता असे कुणी म्हणणार नाही. काम एवढेसे होते आणि त्यासाठी सांभाळायचे यंत्र मोठे होते. मी स्वतः एका कार्यालयात असताना तिथे आलेला पहिला संगणक कित्येक महिने फुलाफुलांच्या कापडाखाली झाकून ठेवलेला पाहिला आहे. रोज त्याच्यावरची धूळ मात्र नेमाने पुसली जायची.

म्हणून घरात पहिला प्रश्न असा विचारा : जे काम करायचे ते मोबाईलवर किंवा साध्या स्मार्ट टीव्हीवर होते का? नुसते सिनेमे, भजने आणि मालिका पाहायच्या असतील तर होते. तीन-पाच हजारांची एक कांडी टीव्हीला लावली तरी भागते. वीस हजार किंवा त्याहून जास्त घालून संगणक घेण्याचे कारण उरत नाही. कारण उरते ते लिहिण्याच्या कामाला. महाडीबीटीचा अर्ज, शाळेचा प्रकल्प, हिशेबाची वही, स्पर्धा परीक्षेचा सराव ही कामे मोबाईलच्या बोटभर पडद्यावर डोळे ताणून करावी लागतात. लासुर्ण्याच्या त्या घरात धाकटी लेक अकरावी सायन्सला आहे. भावाच्या जुन्या मोबाईलवर ती क्लासचे व्हिडिओ पाहते, फळ्यावरचे गणित वाचता यावे म्हणून मोबाईल नाकाशी धरते. या सगळ्या वादात तिला कुणी विचारले नव्हते. मी विचारले तेव्हा ती आईकडे बघून म्हणाली, "पण संध्याकाळी टीव्ही मोकळा कधी असतो?"

हा प्रश्न दुकानदार कधी सांगत नाही. पडदा एकच आणि माणसे सहा. अभ्यासाच्या नावाने घेतलेला संगणक टीव्हीला जोडला की सातनंतर तो मालिकेचा होतो. वहिनींना दिवसभराच्या राबणुकीनंतर तेवढाच विसावा, त्यांना तरी कसे उठवायचे? लेकीच्या अभ्यासासाठीच घ्यायचा असेल तर तो टीव्हीला न बांधता टेबलावर साध्या मॉनिटरला जोडावा आणि सणावाराला उचलून टीव्हीला लावावा, असे मी त्या घरात सांगितले. हे तात्यांना पटले नाही, वहिनींना पटले.

आता विजेचे बघू, कारण इथली भीती खरी आहे. वस्तीवरच्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे तार असतेच असे नाही. संगणकाच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, त्या याच कारणाने. टीव्ही, डिश आणि संगणक एकमेकांना केबलने जोडले आणि आर्थिंग नसले की एखाद्या दिवशी जोडणीचा भागच जळतो. दुकानदार मग वस्तूला दोष देतो आणि आपण दुकानदाराला. संगणक आणण्याआधी वायरमनकडून आर्थिंग तपासून घ्या. ते नसेल तर खड्डा घेऊन नवे करून घ्या. विहिरीच्या मोटारीसाठी आपण हे करतो, घरासाठी करत नाही. त्याबरोबर एक छोटा यूपीएस घ्या. वीज गेल्यावर संगणक नीट बंद करायला पाच-दहा मिनिटे मिळाली तरी पुरे. आणि वळवाच्या ढगांत गडगडाट सुरू झाला की नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि डिशची तारही काढा.

दुसरी भीती धुळीची. तोडणीच्या दिवसांत पाचट पेटवले की काजळी थेट माजघरात येते. संगणकाच्या पंख्यात ती बसली की पंखा घरघरतो, यंत्र तापते, सिनेमा अडखळतो. पाचट जाळू नका असे मी इतकी वर्षे जमिनीसाठी सांगतो आहे, आता संगणकासाठी तरी ऐका! त्यातही शक्यतो बिनपंख्याचा आणि फिरती डिस्क नसलेला घ्यावा. तो वीजही कमी खातो, जुन्या मोठ्या डब्यापेक्षा कितीतरी कमी. आवाजासाठी खोलीच्या चारी कोपऱ्यांत भोंगे लावण्याचा खर्च मात्र करू नका. पत्र्याच्या छपराखाली सगळे घुमते. समोर दोन बरे स्पीकर पुरतात.

इंटरनेटचा हिशेब मुलांकडून समजून घ्या. मोबाईलच्या पॅकमधले रोजचे दीड-दोन जीबी मोठ्या पडद्यावर एका सिनेमात संपतात. गावात केबलवाल्याची फायबर लाईन असेल तर ती वस्तीपर्यंत येते का हे आधी विचारा. येत नसेल तर अर्धा उपयोग तिथेच संपला. आधी संगणक आणि मग लाईन असा उलटा क्रम करू नका.

एक सावधगिरीची गोष्ट. सध्या तालुक्याच्या गावी जुने, कंपन्यांतून निघालेले संगणक स्वस्तात मिळतात. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली आणि यांतल्या बऱ्याच जुन्या यंत्रांवर विंडोज ११ रीतसर चढत नाही. पाच-सहा हजारांत मिळतो म्हणून हुरळून जाऊ नका. "यावर विंडोज ११ नियमाने चालते का, ते बिलावर लिहून द्या," असे दुकानदाराला म्हणा. लिनक्सवर तेच यंत्र आणखी काही वर्षे चालते आणि ती प्रणाली फुकट आहे. पण घरात ती जाणणारे कुणीतरी हवे. नव्या टीव्हीचे म्हणाल तर ३२ इंचांवरच्या संचांचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या किमतीची पाटी दाखवणाऱ्याला हे सांगा.

आणि पैशाचे? बिल हातात आले की सगळ्या वस्तू लागतातशा वाटतात. सोसायटीचे पीककर्ज मुदतीच्या आत भरले तर व्याजाची सवलत मिळते. ती घालवून कुठलाही संगणक घेऊ नये. एवढ्या बाबतीत मी सरळ तात्यांच्या बाजूचा आहे.

असो. त्या दिवशी मी चिरंजीवांना एकच सुचवले. तुझा कॉलेजचा लॅपटॉप आहेच, दोन-तीनशे रुपयांची एचडीएमआय केबल आण आणि चुलत्यांच्या टीव्हीला जोड. सुट्टीचे आठ दिवस घरातल्या सगळ्यांना ते वापरू दे. हाच आपला गुंठाभराचा प्रयोग. आठ दिवसांत कोण काय बघते, कोणाला चालवता येते, वीज किती वेळा जाते, हे वहीत लिहून ठेव.

होळीनंतर पुन्हा गेलो. पोराने वही खरोखर ठेवली होती. आजींनी तीन वेळा थोरल्या लेकीच्या लग्नाचे चित्रण लावायला सांगितले होते. तात्यांनी पहिले चार दिवस तिकडे पाहिले नाही, पाचव्या दिवशी खोडवा व्यवस्थापनाचा व्हिडिओ दीड तास पाहिला आणि त्यातले निम्मे चूक आहे म्हणाले. वीज अकरा वेळा गेली होती. धाकटीच्या नावापुढे फक्त दुपारच्या वेळा होत्या, संध्याकाळची एकही नव्हती. पोरगा पुण्याला परत गेला तेव्हा लॅपटॉप घेऊन गेला आणि केबल तिथेच राहिली. ती चुलत्यांच्या टीव्हीमागे अजून लोंबते आहे. वहिनींनी मला विचारले, "भाऊसाहेब, हिच्या टोकाला मोबाईल लावता येतो का?" काही मोबाईलना मधली जोडणी घेऊन लावता येतो. त्यांचा पाहिला, त्याला ती सोय नव्हती. तात्या ओसरीवरून ऐकत होते. म्हणाले, "टेबल किती लांब-रुंद लागंल, तेवढं सांगून जावा."