शून्य मार्कांचे पेढे

मैत्रिणींनो, परीक्षेत शून्य मिळालं म्हणून कुणी पेढे वाटल्याचं ऐकलंय का? मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तिथे तरी असं कधी पाहिलं नाही. आमच्या घरी मात्र गेल्या दिवाळीआधी तसं घडलं. थोरल्या जाऊबाईंच्या हृदयतपासणीचा कागद आला, त्यावर ‘कॅल्शियम स्कोअर : शून्य’ असं छापलेलं. दीर तसेच बाजारात गेले आणि अर्धा किलो पेढे घेऊन आले.

त्याआधीचे चार महिने सांगायला हवेत. वहिनींचं वय एकोणपन्नास. पाण्याची बादली घेऊन गच्चीवरच्या कुंड्यांकडे निघाल्या, की निम्म्या जिन्यात थांबायच्या. धाप लागायची, डावा जबडा दुखायचा, पाठ भरून यायची. पायरीवर टेकल्या, की पाच मिनिटांत सगळं ठीक. जबड्यासाठी दाताच्या डॉक्टरांकडे दोन खेपा झाल्या. मग पित्त म्हणून कोकम सरबत झालं, मग “पाळी जायचं वय आहे, चालायचंच” हेही झालं. छातीत कळ नव्हती ना, मग हृदयाची आठवण कुणाला येणार? दिरांची मात्र दर वर्षी नखशिखांत तपासणी व्हायची. यंदा तिथे ‘जोडीने केल्यास सवलत’ होती, म्हणून वहिनींचाही नंबर लागला. तुम्हाला काय होतं, हे तिथे त्यांना कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

आता हे शून्य म्हणजे काय, ते मी नंतर समजून घेतलं. सी. टी. स्कॅनच्या यंत्रातून हृदयाची क्ष-किरण चित्रं निघतात, कापलेल्या पावाच्या चकत्यांसारखी. त्यातल्या प्रत्येक ठिपक्याला संगणक घनतेचा एक आकडा देतो. पाण्याला शून्य, हवेला उणे १०००. हे यंत्र बनवणारे इंग्लंडचे हाउन्सफील्ड यांचंच नाव त्या मापाला आहे. १९७९ साली त्यांना नोबेल मिळालं. पुढे १९९० साली अमेरिकेतले डॉ. अॅगॅट्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजणीची रीत घालून दिली. हृदयाच्या रक्तवाहिनीत १३० किंवा त्याहून जास्त आकड्याचा डाग दिसला, तर तो चुना, म्हणजे कॅल्शियम. डाग केवढा आणि किती दाट, यावरून मार्क द्यायचे आणि बेरीज करायची. बेरीज १०० च्या वर गेली तर काळजीचं, ४०० च्या वर फारच.

पण बघा हं, संगणक मोजतो तो फक्त चुना. बोअरचं पाणी तापवून गिझरमध्ये जो पांढरा कडक थर बसतो ना, तसा. मोरीच्या पाइपात थंडीत तूप गोठून बसतं, तशी मऊ चरबीही रक्तवाहिनीच्या भिंतीत असते. ती अजून चुन्यासारखी कडक झालेली नसते, म्हणून या मोजणीत ती येतच नाही. ज्याला काहीच त्रास नाही, त्याला शून्य मिळालं तर ते खरंच चांगलं, पुढची काही वर्षं धोका कमी. म्हणजे परीक्षा खोटी नव्हे. पण जिन्यात थांबणाऱ्या बाईसाठी प्रश्नपत्रिकाच वेगळी हवी होती.

पेढे संपले तरी वहिनी जिन्यात थांबायच्या त्या थांबायच्याच. शेवटी मीच त्यांना आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, “किती पायऱ्यांनंतर होतं? थांबलं की जातं का?” वहिनींनी सांगितलं, आणि त्यांनी डाय घालून करायची सी. टी. अँजिओग्राफी लिहून दिली.

या तपासणीत हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त डाय देतात. अंगातून गरम लाट गेल्यासारखं वाटतं, घाबरू नका. नाडीचे ठोके मिनिटाला साठ-पासष्टच्या आत यावेत म्हणून बहुधा गोळी देतात, कारण दोन ठोक्यांमध्ये हृदय क्षणभर निवांत असतं तेव्हाचं चित्र हवं असतं. काही सेकंद श्वास रोखायचा. नंतर संगणक चकत्या जोडून, गुंतलेली लोकर सरळ करावी तशी प्रत्येक रक्तवाहिनी उलगडून दाखवतो. चुना कुठे, मऊ चरबी कुठे, वाट किती अरुंद, सगळं. स्थिर चित्रावरून रक्ताचा प्रवाह गणिताने काढणाऱ्या एका पद्धतीला अमेरिकेत २०१४ साली मान्यता मिळाली. तो आकडा ०.८० किंवा त्याखाली आला, तर पुढे रक्त पुरेसं पोचत नाही असं धरतात.

वहिनींच्या डाव्या बाजूच्या मुख्य रक्तवाहिनीत चुन्याचा कण नव्हता, मऊ चरबीने मात्र वाट बरीच बुजली होती. पुढे नेहमीची अँजिओग्राफी झाली आणि स्टेंट बसला.

स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४१४६ जणांचा पाच वर्षं अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष २०१८ साली आला. ज्यांचं असं चित्र काढलं, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका किंवा त्यापायी मृत्यू शेकडा २.३, बाकीच्यांत ३.९. चित्राने कुणी बरं होत नाही बाई! पण नेमकं कुणाला औषध हवं, ते कळतं.

तरी या चित्रालाही सगळं दिसत नाही. केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचा आजार बायकांत जास्त आढळतो, तो यात दिसत नाही. म्हणून चित्र स्वच्छ आलं आणि त्रास तसाच राहिला, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा, “मनाचे खेळ” म्हणून घरी बसू नका. क्ष-किरणांचा मारा असतो, तेव्हा सवलत आहे म्हणून उगाच दर वर्षी करायचीही ही गोष्ट नव्हे.

जायचं झालं, तर दिवस गेल्याची शंका, मूत्रपिंडाचा त्रास, दमा, पूर्वी डायची अॅलर्जी आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन, हे आधी सांगा. त्या दिवशी चहा-कॉफी नको. मंगळसूत्र घरीच ठेवा, तिथल्या टेबलावर विसरतं. आणि तपासणी डाय घालून की न घालता, हे विचारून घ्या. बसल्या जागी छातीत, जबड्यात किंवा पाठीत दुखून घाम फुटला, तर मात्र स्कॅनची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करून थेट इस्पितळ गाठायचं.

वहिनी आता जिना न थांबता चढतात. बादली मात्र दीर नेतात. मोगऱ्याला फार पाणी घालतात, अशी वहिनींची तक्रार आहे.