डिझेलला ठिणगी लागत नाही म्हणे!

नंदेसरी-कोयलीच्या पट्ट्यात घरातले कुणीच कधी नोकरीला नव्हते, असे मराठी कुटुंब आपल्या वडोदऱ्यात शोधावेच लागेल. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी कोयलीच्या रिफायनरीत बेन्झीनची टाकी पेटली, दोघांचा बळी गेला. चार दिवस चर्चा झाली, मग सारे सामसूम. त्या आगीची कारणमीमांसा करणारे आम्ही कोण? पण धोक्याच्या जागांविषयी बोलणे निघाले की हटकून ऐकू येणारा एक समज खोडून काढणे आम्हांस भाग आहे. तो असा, की भीती पेट्रोलची; डिझेलचा जनरेटर कुठेही लावा, त्यात ठिणगीच नसते.

साफ खोटे! डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, एवढेच खरे. ठिणगी स्टार्टरमध्ये उडते, बॅटरीच्या सैल वायरीपाशी उडते. धुराच्या नळकांड्यातून निखारे बाहेर पडतात आणि ते नळकांडे काहीशे अंश तापलेले असते. कार्बन डायसल्फाइडच्या वाफेला पेटायला उकळत्या पाण्याइतका तापलेला पत्राही पुरतो.

खरा घात पुढेच आहे. गळती झाली की इंजिन हवेबरोबर ती वाफही ओढते आणि तिच्यावरच धावू लागते. गव्हर्नर फार तर डिझेल कमी करील, वाफेला कसा आवरणार? चावी फिरवा, डिझेलचा नळ बंद करा, इंजिन बेफाम होत जाते. त्याची हवाच तोडावी लागते आणि त्यासाठी हवेच्या वाटेवर शट-ऑफ व्हॉल्व्ह हवा. अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ रोजी १५ माणसे मेली. वाफेचा ढग बहुधा पेटवला तो जवळच चालू ठेवलेल्या एका डिझेल गाडीने, असे तिथल्या चौकशीत निघाले. मेलेले पंधराही जण ठेकेदारांची माणसे होती, हे विशेष!

आम्ही बँकेत कारकुनी करतो. डी.जी. सेटच्या कर्जाची फाइल टेबलावर येते, तिला कोटेशन लागते, विमा लागतो, तारण लागते. हा सेट कोणत्या झोनमध्ये चालणार, असा रकाना आम्ही आजवर पाहिलेला नाही. भाड्याच्या जनरेटरला तर तेवढेही कागद नाहीत. शटडाऊनच्या घाईत ठेकेदार सर्वांत स्वस्त सेट ट्रॉलीवर घालून आणतो आणि जिथे केबल पुरेल तिथे उभा करतो. पेट्रोल-बेन्झीनची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरकत गटारात, खड्ड्यात साचते. सकाळी निर्धोक असलेली जागा दुपारी तशी राहीलच असे नाही. म्हणून पहिली गोष्ट केबल लांब घ्या, सेट बाहेर ठेवा. आत नेण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर त्या झोनसाठी प्रमाणित केलेलाच हवा.

आणि हा गेटपास देतो कोण? पर्चेस, मेंटेनन्स, सेफ्टी, या खुर्च्यांवर आपलीच मंडळी बसलेली आहेत. पुढच्या शटडाऊनला त्यांनी ठेकेदाराला तीन गोष्टी दाखवायला सांगाव्यात : हवा तोडणारा व्हॉल्व्ह, नळकांड्यावरची ठिणगीरोधक जाळी आणि झोनचे प्रमाणपत्र. दाखवता आले नाही, तर सेट गेटबाहेरूनच परत पाठवावा. साहेब रागावले तरी.