खाऊ ओळखाल, पण गाणं कुणाचं?

आमच्या बाभुळगावात बचत गटाची बैठक संध्याकाळी सातला ठेवली, की निम्म्या जणी गैरहजर. कारण एकच, सिरियल! एकदा मी जरा रागानंच बोलले. तर एक मैत्रीण म्हणाली, "ताई, दिवसभर वावरात निंदण करून येतो आम्ही. रात्री घटकाभर भरजरी साड्या पाह्यल्या तं कोनाचं काय गेलं?" मी गप्पच झाले.

मग अडोर्नो आणि हॉर्कहायमर आठवले. हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले हे विचारवंत. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी अशा करमणुकीला 'संस्कृती-उद्योग' म्हटलं. कारखान्यातून साबणाच्या वड्या निघाव्यात तसे सिनेमे, गाणी निघतात. वेष्टन वेगळं, आत माल तोच. थकलेल्या माणसाला डोक्याला ताण नको असतो, म्हणून तो खपतो. म्हणजे मैत्रिणीचं उत्तर त्यांनी आधीच ओळखलं होतं!

'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, ३००० हून अधिक भाग. एवढ्या वर्षांत टीव्हीवरच्या किती सुनांना आपण कापूस वेचताना पाहिलं? २००४ ते २०२२ चाललेल्या 'होम मिनिस्टर'नं मात्र साध्या घरातल्या बाईला पडद्यावर आणलं, पैठणी दिली. ते मलाही आवडायचं.

आणि बघणारी बाई काही बावळट नसते. तीच मैत्रीण सिरियल बघता बघता हसते, "एवढे दागिने घालून पोळ्या कोन लाटते वो?"

माझी काळजी वेगळी आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आम्ही भुलाबाईची गाणी म्हणायचो. ओळ विसरली की मनची जोडायचो, त्यात शेजारच्या काकूही यायच्या! मग खाऊ ओळखायचा. गेल्या वर्षी माझ्याच अंगणात मोबाइलला स्पीकर जोडून गाणी लावली. पोरी टिपऱ्या घेऊन नुसत्या उभ्या. कुणाची ओळ चुकली नाही, कारण कुणी गायलंच नाही. आणि गाणी लावणारी मीच होते.

सिरियल बंद करा, असं मी म्हणणार नाही. बैठक आता बाजाराच्या दिवशी दुपारी घेतो, सगळ्या येतात. पण येत्या कोजागिरीला स्पीकर नाही. बेसूर का होईना, गाणं आपल्या गळ्यातलं हवं. मैत्रिणींनो, तुमच्या अंगणात काय ठरलंय?